लकडगंजातला मुंगणा आणि त्याचे तिखट मूळ

नागपुरात सेंट्रल ॲव्हेन्यूने पूर्वेकडे निघाले, की इतवारीची दाट वस्ती मागे पडता पडता लकडगंजाची हद्द लागते, आणि आरागिरण्यांची घरघर, नुकत्याच चिरलेल्या सागाचा वास व रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेले लठ्ठे यांवरून या पेठेला हे नाव का पडले ते कोणाला विचारावे लागत नाही. आलापल्लीकडच्या व बल्लारशाकडच्या अरण्यांतला साग येथे येतो, घनफुटांनी मोजला जातो, चिरला जातो आणि दारे, चौकटी व पलंग यांच्या रूपाने दूरदूरच्या मुलखात जातो. लाकडाचाच जमाखर्च ज्या पेठेत रात्रंदिवस चालतो, त्याच पेठेत वखारींच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत आणि जुन्या घरांच्या परसात एक असे झाड हमखास उभे असते, की ज्याच्या लाकडाला कोणी कवडीही देत नाही, कारण ते इतके मऊ व ठिसूळ असते, की त्याची साधी खुंटीसुद्धा होत नाही. पुण्याकडे त्याला शेवगा म्हणतात, मालवणी मुलखात शेगूल, लकडगंजातल्या गुजराती-कच्छी घरांत सरगवो, आणि आम्हा नागपूरकरांच्या तोंडी तो मुंगणा असतो. त्याच्या शेंगा सर्वांना ठाऊक आहेत. पाला व फुले खाणारेही पुष्कळ आहेत. परंतु या झाडाचे जमिनीत दडलेले मूळ एके काळी ज्या कारणासाठी खणले जाई, त्याची माहिती आता फारच थोड्यांना उरली आहे, आणि ती पुन्हा सांगण्याजोगी आहे असे मला मनापासून वाटते.

युरोपात हॉर्सरॅडिश नावाची एक वनस्पती आहे. ती मूळची आग्नेय युरोप व पश्चिम आशिया या प्रदेशांतली असून मोहरी, मुळा व कोबी यांच्याच कुळातली आहे. तिची पाने लांबरुंद असतात, पण तिची किंमत होते ती जाड, पांढऱ्या, कमालीच्या तिखट मुळामुळे. हे मूळ किसून सिरक्यात कालवतात आणि भाजलेल्या मांसाच्या जोडीला घेतात. पूर्व युरोपातल्या यहुदी कुटुंबांत तर पेसाहच्या सणाच्या ताटात त्याला धार्मिक स्थान आहे. जपानी जेवणाबरोबर वसाबी म्हणून जी हिरवी चटणी जगभर दिली जाते, तीही बहुतांशी रंग दिलेले हॉर्सरॅडिशच असते. त्याची लागवड अगदी सोपी आहे: वसंतात पेन्सिलीएवढ्या जाडीचे मुळाचे तुकडे जमिनीत तिरपे लावायचे आणि हेमंतात पहिल्या हिमाने पाने जळून गेली, की खणून काढायचे, काढताना एखादा तुकडा जरी मातीत राहिला, तरी पुढच्या वर्षी तो आपला हक्क सांगत वर येतो. परंतु या वनस्पतीला दीर्घ व कडक हिवाळ्याची विश्रांती लागते. ज्या नागपुरात थंडी पौष-माघातले थोडे आठवडे टिकते आणि वैशाखात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, तेथे तिच्या नादी लागण्यात अर्थ नाही. परदेशातून येणारे नातलग हौसेने तिचे कंद आणतात, ते कुंडीत पावसाळाभर हिरवेगार दिसतातही. पण उन्हाळ्याशी त्यांची गाठ पडली, की तो संसार मोडतो.

ब्रिटिश अमदानीत या देशात येऊन राहिलेल्या इंग्रजांपुढे हीच अडचण होती. कलकत्ता व मद्रास येथल्या आणि नागपूरजवळ १८२१ साली वसलेल्या कामठीसारख्या छावण्यांतल्या गोऱ्या कुटुंबांना आपल्या देशाची चव हवी असे, आणि विलायतेतून येणारे मूळ जहाजाच्या प्रवासात टिकणारे नव्हते. तेव्हा या देशात रूढ झालेली तोड म्हणजे बंगल्याच्या आवारातल्या मुंगण्याचे कोवळे मूळ खणून, साल काढून, किसून सिरक्यात घालणे. चवीत व नाकात चढणाऱ्या झणक्यात ते मूळ हॉर्सरॅडिशच्या इतके जवळ जाई, की इंग्रजांनी या झाडाचेच नाव ‘हॉर्सरॅडिशचे झाड’ असे ठेवून दिले. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्या नावाची नोंद आहे. साहेब गेले, त्यांचे खानसामेही गेले, आणि त्यांच्याबरोबर हा प्रघातही मावळला.

दिसायला एक शेताच्या बांधावरची पालेभाजी व दुसरे पंचवीस-तीस फूट उंचीचे झाड, तरी या दोहोंची चव एक कशी, याचा उलगडा वनस्पतिशास्त्र करून देते. मुंगण्याचे कुल निराळे असले, तरी शास्त्रज्ञ त्याला मोहरीच्याच गणात बसवतात, आणि या गणाचे कुलचिन्ह म्हणजे ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये. ही द्रव्ये स्वतः तिखट नसतात. वनस्पतीच्या पेशींत ती एका बाजूला आणि मायरोसिनेज नावाचे विकर दुसऱ्या बाजूला, अशी दोघांची चूल वेगळी असते. कीड चावली, सुरी लागली किंवा किसणी फिरली, की मधली भिंत फुटते, दोन्ही एकत्र येतात आणि त्या संयोगातून आयसोथायोसायनेट हे डोळ्यांतून पाणी काढणारे, उडून जाणारे तेल निर्माण होते. ज्या घरात मोहरी फेसली जाते, त्या घरात ही क्रिया रोजच्या वापरातली आहे: कोरड्या मोहरीचा दाणा तोंडात धरला तर तो मुकाट असतो, पण पाण्याचा हबका देऊन पाट्यावर फेसला, की त्याच दाण्याची नाकात झिणझिणी उठते. गरम तेलात तडतडलेल्या मोहरीला तो झणका का नसतो, याचेही कारण हेच आहे, कारण उष्णतेने विकर मरते आणि पुढची क्रिया होतच नाही. मुंगण्याच्या मुळाला नेमका हाच नियम लागू आहे. फोडणीत टाकलेले मूळ तिखट लागत नाही. कच्चे किसलेले लागते.

आपल्या पूर्वजांना या तिखटपणाची खबर नव्हती असे मुळीच नाही. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत शिग्रु या नावाने हे झाड जागोजाग भेटते. अमरकोशाने त्याला शोभांजनाबरोबरच तीक्ष्णगंधक असेही नाव दिले आहे. आणि भावप्रकाशात त्याच्या बियांना श्वेतमरिच, म्हणजे पांढरे मिरे, म्हटले आहे. सुजेवर, गळवांवर व कफविकारांवर त्याचे मूळ व साल वैद्य वापरीत आले. मात्र येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. पाला, फुले व शेंगा आपण स्वयंपाकघरात आणल्या, आणि मूळ व साल वैद्याच्या हवाली करून दिली. या वाटणीमागे पिढ्यांचा अनुभव आहे, आणि आधुनिक रसायनशास्त्राने तो खरा ठरविला आहे. मुळाच्या सालीत मोरिंजिन व मोरिंजिनिन ही अल्कलॉइडे असतात, आणि स्पायरोचिन नावाचे मज्जातंतूंवर विपरीत परिणाम करणारे द्रव्यही मुळात आढळले आहे; शिवाय मूळ व साल गर्भपातक म्हणून जुन्या काळापासून कुप्रसिद्ध आहेत. म्हणून जे पुढे सांगणार आहे ते चार अटींवर: साल संपूर्ण काढून टाकावी, मूळ कोवळेच घ्यावे, खाण्याचे प्रमाण नखभर असावे व तेही क्वचित, आणि गरोदर स्त्रीने, गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीने व लहान मुलांनी त्याला शिवूही नये. ज्याला औषधे चालू आहेत त्याने आपल्या वैद्याला किंवा डॉक्टराला विचारल्यावाचून या वाटेला जाऊ नये.

आता लागवडीचे. मुंगणा दोन तऱ्हांनी लावतात. पावसाळ्याच्या तोंडाशी मनगटाएवढी जाड, हात-दीड हात लांबीची फांदी तोडून जमिनीत रोवली, की ती फुटते. लकडगंजातल्या बहुतेक जुन्या झाडांची वंशावळ अशीच शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे गेलेली आहे. या रीतीने झाड लवकर धरते व शेंगांचा गुणही मूळ झाडासारखाच राहतो, पण फांदीपासून वाढलेल्या झाडाला खोल सोटमूळ नसते. बियापासून उगवलेल्या रोपाचे तसे नाही. त्याचे पहिले लक्ष वर वाढण्याकडे जितके असते तितकेच खाली साठवण करण्याकडे असते, आणि रोप जेमतेम गुडघ्याएवढे होते तेव्हाच त्याला मातीखाली पांढरे, गुबगुबीत सोटमूळ आलेले असते. ज्याला मूळ हवे त्याने बीच पेरले पाहिजे. आणि मोठ्या झाडाची मुळे तर कधीही खणू नयेत. मोठे मूळ चोयट असते, त्याची साल जाड असते, आणि आधीच ठिसूळ असलेल्या झाडाचा जमिनीतला आधार काढून घेतला, तर मृगाच्या आधीच्या वादळात ते कोणाच्या तरी छपरावर येते. शहराच्या हद्दीत मोठे झाड तोडणे वा त्याला इजा करणे हे १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महानगरपालिकेच्या परवानगीचे काम आहे, हेही ध्यानात असावे.

नागपूरची माती काळी. कापसाला ती आई आहे, पण मुंगण्याला तिच्यात एक धोका आहे: पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, आणि उभ्या पाण्यात मुंगण्याचे मूळ आठवडाभरात कुजते. म्हणून परसातला वाफा वीतभर उंच करावा आणि काळ्या मातीत निम्म्याने मुरूम व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. लकडगंजात भुशाला तोटा नाही, आणि पोत्याने मिळणारा हा भुसा बागेत घालण्याचा मोह कोणालाही होतो. परंतु ताजा भुसा मातीत मिसळला, तर तो कुजविणारे जंतू मातीतला नत्र स्वतःकरिता ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. तो वाफ्यावर नुसता पसरावा, किंवा शेणकाल्यात भिजवून वर्षभर खड्ड्यात मुरू द्यावा. मग मात्र तो उन्हाळ्यात ओल राखण्याचे काम फार चांगले करतो.

पहिले दोन-तीन सरळ पाऊस पडून गेले, की तीन पंखांचे ते तपकिरी बी बोटाच्या पेरभर खोल, चार-चार बोटांच्या अंतरावर पेरावे. आठ-दहा दिवसांत ते उगवते. एवढे दाट पेरण्याचे कारण असे, की यांतली बहुतेक रोपे आपल्याला उपटायचीच आहेत. जे झाड पुढे राहायचे त्याला चोहीकडून आठ फूट मोकळीक लागते, आणि परसात अशी एक किंवा फार तर दोन झाडे मावतात. भाद्रपदाच्या सुमारास रोपे दोन फुटांची झाली, की त्यांतले सर्वांत जोमदार, सरळ खोडाचे रोप हेरून त्याला हात लावू नये, आणि बाकीची एकेक करून काढावी. विरळणी प्रत्येक पिकाला करावीच लागते. येथे विरळणीतच हे मूळ हाती येते. म्हणून परसातल्या माणसाने हे मूळ मिळविण्याचा हा एकच मार्ग मला न्याय्य वाटतो, कारण त्यात कोणत्याही वाढत्या झाडाचा घात होत नाही.

रोप ओढून काढू नये. आदल्या संध्याकाळी वाफा भिजवून सकाळी खुरप्याने एका बाजूची माती मोकळी करावी आणि खोडाला तळाशी धरून हलकेच वर घ्यावे, म्हणजे मूळ मोडत नाही. बाहेर येते ते लहानशा गाजराच्या आकाराचे, खाली एकदम निमुळते झालेले मूळ असते; अंगावर पिवळट-तपकिरी साल, तिच्यावर मातीचे कण, आणि नाकाशी नेले तरी विशेष वास नाही. धुऊन घेऊन विळीवर साल खरवडू लागले, की चित्र पालटते. साल बुचासारखी मऊ असते व जाड निघते. ती सगळी, अगदी खाचेतलीसुद्धा, काढायची, जोवर खालचा गाभा ओल्या खडूसारखा पांढरा दिसत नाही तोवर. मग बारीक किसणीवर दोन-तीन हात फिरवले न फिरवले तोच डोळ्यांच्या कडा चुरचुरू लागतात आणि नाकाच्या शेंड्यातून वर एक थंडगार तिडीक जाते, जी मिरचीच्या जाळाहून सर्वस्वी निराळी असते: मिरची जिभेवर ठाण मांडून बसते, ही कळ नाकात उठते आणि चार श्वासांत नाहीशी होते. किसण्याचे काम खिडकीशी किंवा अंगणात बसून करावे.

किस तसाच राहू दिला तर पहिली काही मिनिटे तिखटपणा चढत जातो आणि नंतर ते उडणारे तेल हवेत निघून गेल्याने उतरत जातो. आम्ल पडले, की विकराचे काम थांबते व चव आहे तेथे स्थिर होते. म्हणून ज्याला झणका हवा त्याने किसल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून, आणि ज्याला सौम्य हवे त्याने लागलीच, त्यात सिरका किंवा लिंबाचा रस व मीठ घालावे. काचेच्या लहान बरणीत, घट्ट झाकणाखाली, फ्रिजमध्ये ते आठवडाभर बरे राहते. पुढे नुसता कडवटपणा उरतो. विलायती रीतीने ते मांसाबरोबर खातात, पण मला ते आपल्या ताटात अधिक शोभते असे वाटते: वाटीभर घट्ट दह्यात हरभऱ्याएवढा किस, चिमूटभर साखर व मीठ घालून, उकडलेल्या बटाट्याशी किंवा काकडीशी. फेसलेल्या मोहरीच्या रायत्याची ज्यांना सवय आहे त्यांना ही चव परकी वाटत नाही.

राखून ठेवलेल्या रोपाची निगा मूळ काढण्याहून महत्त्वाची आहे. ते छातीएवढे झाले, की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात व झाड आवाक्यात राहते. शेंडा न खुडलेला मुंगणा सरळ आभाळाकडे जातो, शेंगा दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या हाती लागतात, आणि त्या काढायला कोणी फांदीवर चढला, तर फांदी कडकन मोडते. मुंगणा दारात लावू नये असे जुनी माणसे सांगतात. त्यामागे अशा मोडलेल्या फांद्यांचा व मोडलेल्या हातपायांचा पुष्कळ इतिहास असावा. दुसरे कारण केसाळ सुरवंटांचे. पावसाळ्यात ते शेकड्यांनी खोडावर एकत्र चिकटून बसतात, पाला फस्त करतात, आणि त्यांचे केस अंगाला लागले, की गांधी उठतात. दिवसा ते घोळक्याने बसलेले असतात तेव्हाच त्यांच्यावर साबणाचे दाट पाणी मारून, किंवा लांब काठीच्या फडक्याने साबणपाण्याच्या बादलीत पाडून, त्यांचा बंदोबस्त करता येतो. फवाऱ्याच्या विषाची गरज घरच्या झाडाला पडू नये, कारण त्याचा पाला आपण खाणार असतो.

गावरान झाडाला फळावर यायला दोन-तीन वर्षे लागतात. ज्यांना इतका धीर नाही त्यांच्यासाठी तामिळनाडूतल्या पेरियाकुलम येथील संशोधन केंद्राची पी.के.एम.-१ ही जात आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा ही जात, या दोन्ही चांगल्या. पी.के.एम.-१ बियापासून लावली तर सहा महिन्यांच्या आसपास शेंगा देऊ लागते, शेंग हातभराहून लांब निघते, आणि नीट राखलेल्या एका झाडाला वर्षाकाठी दोनशेच्या पुढे शेंगा धरतात. बहर संपला, की ते झाड जमिनीपासून तीन फुटांवर छाटतात आणि ते पुन्हा फुटते. चवीत मात्र गावरान शेंग सरस, हे इतवारीच्या भाजीबाजारातले कोणीही गिऱ्हाईक सांगेल.

नागपुराकडे मुंगण्याच्या शेंगांना आळण लावतात. शेंगा बोटभर तोडून, शिरा ओढून, मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून घ्यायच्या. कांदा-लसणाच्या तिखट फोडणीत त्या परतून वरून पाण्यात कालवलेले बेसन सोडायचे, आणि रस्सा जरा दाट झाला, की ज्वारीच्या भाकरीशी खायचे. माघ-फाल्गुनात झाड पांढऱ्या फुलांनी लगडते तेव्हा खाली कापड अंथरून पहाटे गळलेली फुले गोळा करावीत. ती मिठाच्या पाण्यातून काढून हलके पिळली, की कडवटपणा जातो, आणि मग हरभऱ्याच्या डाळीबरोबर किंवा झुणक्यात घालता येतात. पाल्याला आपल्याकडे अजून म्हणावा तसा मान नाही, याचे मला फार वाईट वाटते. मालवणाकडे गोकुळाष्टमीला शेगलाच्या पाल्याची भाजी, अंबोळ्या व काळ्या वाटाण्याची आमटी हे ठरलेले जेवण आहे. आमच्याकडे मात्र छाटलेल्या फांद्यांबरोबर पाला बकऱ्यांना जातो. शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, ‘अ’ जीवनसत्त्वाचे मूलद्रव्यही विपुल असते. इतके मोल देणारी भाजी बाजारात विकत घ्यायला गेले तर मिळत नाही, आणि परसात असली तर तिला दाम पडत नाही.

पिकून तपकिरी झालेल्या दोन-चार शेंगा झाडावरच सुकू द्याव्यात. वैशाखाच्या उन्हात त्या उकलू लागतात. तेव्हा पंख असलेले बी काढून कागदाच्या पुडीत, कोरड्या जागी ठेवावे. हे बी फार काळ उगवणक्षम राहत नाही, म्हणून पुढच्या पावसाळ्यात ते पेरूनच टाकावे. एका शेंगेत पंधरा-वीस बिया निघतात. आपल्या वाफ्याला दोन शेंगांचे बी पुरते, उरलेले शेजारी वाटावे, आणि वाटताना सालीविषयीची व गरोदर स्त्रियांविषयीची सूचना त्यांना तोंडी सांगण्यास चुकू नये.